टपालखर्चाच्या आडून होणारी वसुली

संपादक महोदय,

परदेशी संकेतस्थळांवरून जुनी नाणी, टपाल तिकिटे, पोस्टकार्डे मागवणारे संग्राहक आपल्याकडे गावोगावी आहेत. भोर संस्थानाची 1879 ची हातशिक्क्याची तिकिटे, होळकरांची तिकिटे, व्हिक्टोरिया राणीचे रुपये असा बराच ऐवज इंग्लंड-अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडे पडून आहे. तो हवा असेल तर तिथूनच घ्यावा लागतो. तक्रार वस्तूच्या भावाची नाही. भाव पटला नाही तर माणूस घेत नाही. तक्रार आहे ती ‘शिपिंग अँड हँडलिंग’ (टपालखर्च आणि पॅकिंग-हाताळणी) या नावाखाली लावल्या जाणाऱ्या आकड्याची.

आधी विक्रेत्यांची बाजू सांगायला हवी, कारण काही खर्च खरोखरच वाढले आहेत. अमेरिकेच्या टपाल खात्याने 2018 पासून परदेशी जाणाऱ्या साध्या पत्रात फक्त कागदपत्रे पाठवण्याची मुभा ठेवली. विकलेली वस्तू, मग ते चार ग्रॅमचे तिकीट का असेना, छोट्या पार्सलच्या दरानेच पाठवावी लागते. नाण्यांचे नियम आणखी कडक आहेत. नाणी, नोटा, सोने-चांदी विमा न उतरवलेल्या साध्या टपालातून पाठवायला जागतिक टपाल संघाची मनाई आहे, म्हणून रजिस्टर किंवा विमा सेवेचे पैसे पडतात. तेव्हा ‘पाकिटाला दीड डॉलरचे तिकीट पुरते, मग पंधरा का?’ हा प्रश्न दर वेळी बरोबर नसतो.

लूट सुरू होते ती एकत्र पाठवणीत. समजा, एकाच विक्रेत्याकडून व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाची तीन नाणी प्रत्येकी 15 डॉलरला घेतली. ब्रिटिश रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे तिन्ही मिळून 35 ग्रॅम. पुठ्ठ्याचे होल्डर, बबल रॅप आणि जाड पाकीट धरूनही वजन 100 ग्रॅमच्या आत राहते. तिन्ही नाणी एकाच पाकिटात येतात, पण शिपिंग मात्र 22 डॉलरप्रमाणे तीनदा लावलेले असते. 45 डॉलरच्या मालावर 66 डॉलर टपाल! नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा प्रकार. काही विक्रेते वस्तू एका डॉलरला लावून सगळा नफा शिपिंगमध्ये घालतात. पूर्वी यामागे संकेतस्थळाला वस्तूच्या किमतीवर द्यावे लागणारे कमिशन चुकवण्याचा हेतू असे. ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाने अमेरिकेत 2011 पासून शिपिंगच्या रकमेवरही कमिशन आकारायला सुरुवात केल्यावर तो फायदा संपला, खोड मात्र गेली नाही. वस्तू न पटल्याने परत केली की शिपिंगची रक्कम बहुतेकदा परत मिळत नाही, हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असते.

यातला एक प्रकार तिकीट संग्राहकांच्या चटकन ध्यानात येईल. पाकिटावर तीस-चाळीस वर्षांपूर्वीची कोरी स्मारक तिकिटे रांगेने डकवलेली असतात. दिसायला छान, अल्बममध्येही जातात. पण असली तिकिटे व्यापाऱ्यांना दर्शनी किमतीपेक्षा बरीच स्वस्त मिळतात. म्हणजे दर्शनी किमतीएवढे टपाल लावले तरी विक्रेता त्यावर कमावतो, आणि हँडलिंगचे पैसे वेगळे घेतो ते घेतोच.

ट्रॅकिंगच्या नावाखालीही असेच चालते. आंतरराष्ट्रीय टपालाचा क्रमांक तेरा वर्णांचा असतो : दोन अक्षरे, नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरे. पहिले अक्षर आर असेल तर रजिस्टर, एल असेल तर ट्रॅक होणारे पत्र किंवा लहान पाकीट, सी म्हणजे पार्सल, ई म्हणजे द्रुत सेवा. यू ने सुरू होणाऱ्या क्रमांकाला वाटपापर्यंतच्या ट्रॅकिंगची हमी नसते. ‘ट्रॅक्ड’ म्हणून पैसे घेऊन यू चा क्रमांक हातात आला, तर तक्रारीला तेवढा पुरावा पुरेसा आहे.

आता कस्टम्स. आयात मालाचे मूल्य धरताना वाहतूक खर्च त्यात मिळवतात, त्यामुळे फुगवलेल्या शिपिंगवरही शुल्क बसते अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. आयात मालाच्या मूल्यनिर्धारणाच्या 2007 च्या नियमांतील नियम 10(2) प्रमाणे माल विमानाने आला असेल, तर वाहतूक खर्च मालाच्या मूळ किमतीच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. वरच्या उदाहरणात 66 डॉलर भरले असले तरी शुल्कासाठी फक्त 9 डॉलर मिळवायचे. अडचण अशी की विक्रेता पावतीवर किंवा पाकिटावरच्या सीएन 22 या कस्टम्सच्या फॉर्मवर 111 डॉलर असा एकच आकडा लिहून मोकळा होतो. मग तीच वस्तूची किंमत समजली जाते आणि सवलत हातची जाते. म्हणून पैसे भरण्याआधीच विक्रेत्याला लिहावे : पावतीवर वस्तू आणि टपालखर्च वेगळे दाखवा आणि ती पावती पाकिटाच्या बाहेर लावा. कुरिअर कंपनी केवायसी (ओळखीची कागदपत्रे) मागते तेव्हा हीच पावती सोबत जोडावी. कमी किंमत लिहितो असे विक्रेत्याने आपणहून सुचवले, तर मात्र साफ नकार द्यावा. माल गहाळ झाल्यास भरपाई लिहिलेल्या किमतीइतकीच मिळते आणि कस्टम्सने पकडले तर निस्तरावे खरेदीदाराला लागते.

तीन वस्तू घेतल्या तर एकत्रित बिल आल्याशिवाय पैसे भरू नयेत. नंतर परतावा मागत बसणे कटकटीचे होते. विक्रेत्याला सेवेचे नाव आणि वजन विचारावे. बहुतेक देशांच्या टपाल खात्यांच्या संकेतस्थळावर दर काढून पाहता येतो. लिलावात बोली लावताना शिपिंग, कार्डावरचे परकीय चलनाचे शुल्क आणि कस्टम्स आधी वजा करावे, उरेल तीच खरी बोली. पाकीट आले की फोडण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढावा, काट्यावर वजन करावे. लावलेले टपाल आणि घेतलेले पैसे यांतला फरक या फोटोत दिसतो.

पण सगळा भार खरेदीदारानेच का उचलावा? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 हे भारतात कार्यालय नसलेल्या, पण भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या कंपन्यांनाही लागू आहेत. एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, टपाल व हँडलिंगसह, दाखवावी असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. खरेदीच्या शेवटच्या पानावर खर्च वाढवत नेणे नोव्हेंबर 2023 च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक (ग्राहकाला चकवणाऱ्या संकेतस्थळांच्या क्लृप्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांतही निषिद्ध आहे. तरीही भारतातला पत्ता टाकल्यावर शिपिंगचा आकडा बदलतो, किंवा बोली जिंकल्यावर तो कळतो. अशा तक्रारी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येतात. संग्राहकांच्या मंडळांनी त्या पाकिटांच्या फोटोंसह एकत्रितपणे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही पाठवाव्यात.

प्राधिकरणाने एवढे जरी केले तरी पुष्कळ होईल : विक्रेत्याने टपालाचे लेबल संकेतस्थळामार्फतच घेतले असेल, तर त्याची खरी रक्कम संकेतस्थळाकडे नोंदलेली असतेच. ती खरेदीदाराला बिलावर दाखवणे बंधनकारक करावे. पॅकिंगचे पैसे घ्यायचे तर वेगळ्या ओळीत घ्यावेत. आणि तीन वस्तू एका पाकिटात गेल्या असतील, तर उरलेल्या दोन पाकिटांचे पैसे खरेदीदाराने न मागता परत यावेत.

– एक नाणी व तिकीट संग्राहक, ठाणे