वाचनालयातल्या काकू, तुम्हाला जाहीर थँक्यू!

काकू, नमस्कार.
तोंडावर थँक्यू म्हणलं की तुम्ही "बरं बरं, आधी तारीख बघा" म्हणून विषयच संपवता, म्हणून इथे लिहितोय. कॉलनीतल्या बाकीच्यांनीपण वाचू दे.

गेल्या पाडव्याला आपल्या वाचनालयाने वर्षभराचं वाचन चॅलेंज काढलं, दर महिन्याला एक प्रकार, कथा, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, नाटक, अनुवाद वगैरे. मी नाव दिलं ते खरं तर लेकीसमोर शायनिंग मारायला. सिन्नरच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये राबणारा माणूस, कॉलेज सुटल्यापासून पेपर आणि मोबाईल सोडून हातात काही नाही. मला वाटलं होतं तुम्ही विचाराल काय आवडतं, आणि मला काय सांगावं तेच कळलं नसतं. पण तुम्ही विचारलंत, "वाचणार कधी?" म्हणलं, कंपनीच्या बसमध्ये, नाशिक ते सिन्नर. मग तुम्ही कपाटातून तीन कथासंग्रह काढलेत, एकेक उघडून हात लांब करून धरलात, दोन परत ठेवलेत आणि म्हणालात, "बसमधला दिवा मिणमिणता असतो, हे बारीक टायपाचं नको, हे घ्या, जाताना एक कथा होते, येताना एक." काय पुस्तक द्यायचं ते ठरवताना माझ्या बसचा दिवा कोण लक्षात घेतं हो!

आणि सेकंड शिफ्टच्या आठवड्यात दुपारी तुम्ही उघडायच्या आत मी निघालेलो असायचो, रात्री परत येईपर्यंत सगळं बंद. तर तुम्ही पुस्तक शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवायला लागलात, वर चिठ्ठी, त्यावर माझं नाव आणि परत करायची तारीख (तारीख मात्र ठळक, लाल पेनने!). तो दुकान सकाळीच उघडतो म्हणून माझं काम झालं.

12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून तुम्ही भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घातलात तेव्हा आम्ही दोघंतिघंच होतो. त्यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला एक वाचकाचा वेळ वाचवा असा आहे, हे तुम्ही सांगितलंत आणि मला लगेच झेरॉक्सवाला आठवला. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हाही त्यातलाच एक. त्याच महिन्यात तुम्ही ते काळ्या रेक्झिनच्या बाइंडिंगचं प्रवासवर्णन दिलंत, मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का 1997 चा, आणि पानापानावर कुणीतरी पेन्सिलीने लेखकाशी वाद घातलेला, "इथे थंडी एवढी नसते" असलं काहीतरी. मला लेखकापेक्षा तो पेन्सिलवालाच जास्त आवडला.

अनुवादाच्या महिन्यातली ती बंगाली कादंबरी मला काही केल्या रेटेना, तर तुम्ही म्हणालात, "परत आणा, पुस्तकाला राग येत नाही", आणि दुसरी एक कन्नडमधून आलेली हातात दिलीत. हे रीलवर लोक वर्षाला शंभर पुस्तकं वाचल्याचं सांगतात ना, मला त्यांचं काही कळतच नाही, तुम्ही तर कधी माझा आकडाच विचारला नाहीत. नाटकाच्या महिन्यात लेकीने आणि मी पात्रं वाटून घेतली, बायकोला हसू आवरेना, शेवटी म्हातारीचा रोल तिनेच घेतला. फेब्रुवारीत 27 तारखेला मराठी भाषा गौरव दिनाला मला कविता वाचायला उभं केलंत, तेही कुसुमाग्रजांच्या नाशकात! आवाज थरथरत होता, पण कुणी काही बोललं नाही.

एकच तक्रार आहे, ती दिवाळी अंकांची. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस अंकांसाठी भांडत असणार, पण आपल्याकडे एक अंक तीन दिवस म्हणजे फारच कमी होतं काकू, शिफ्टवाल्यांना पाच तरी द्या.

कमिटीतल्या लोकांनीही हे वाचावं. काकूंचा पगार किती आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि काम किती करतात तेही. येत्या मीटिंगमध्ये तो विषय कुणीतरी काढा, नाहीतर मी काढतो.

आणि काकू, नवीन चॅलेंजच्या वहीत माझ्या नावाखाली बायकोचंही नाव लिहा, तिला आत्मचरित्रांपासून सुरुवात करायची आहे. अनामत रविवारी आणून देतो. माझ्याकडचं नाटक अजून दोन दिवस राहू द्या, शेवटचा अंक बाकी आहे आणि म्हातारी माहेरी गेलीये.