चरखा गेला, पण खादी होती

मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सादर नमस्कार.

मी उदगीर तालुक्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. स्वातंत्र्यदिन जवळ आला की पाचवी-सहावीच्या पोरांकडून तिरंगा काढून घ्यायचा, हे ठरलेलं काम. पट्टे सगळ्यांना जमतात. रडवतं ते चक्र. चोवीस आरे, म्हणजे दर दोन आऱ्यांत पंधरा अंश. कोनमापक जरा हलला की कुणाचे बावीस होतात, कुणाचे सव्वीस. असंच एकदा रंग भरता भरता एका मुलानं विचारलं, "सर, केशरी आपला आणि हिरवा त्यांचा ना?" ज्यांना तो 'त्यांचा' म्हणत होता त्यांच्यातला एक त्याच्याच बाकावर बसला होता आणि दोघांत मिळून एकच हिरवा खडू होता.

मी पाठ केलेलं उत्तर दिलं: त्याग, शांती, समृद्धी. पोरानं मान हलवली, पण त्याचं समाधान झालं नाही. माझंही झालं नाही. कारण हा प्रश्न एके काळी देशातल्या मोठमोठ्या माणसांनीही विचारला होता आणि त्याच्यावर ठराव झाले होते. ध्वजसंहिता, म्हणजे झेंड्याचे नियम, आपल्या मंत्रालयाकडे आहे आणि माझं मागणं तिच्यातल्या खादीच्या अटीबद्दल आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

१९२१ साली बेझवाड्याला (आजच्या विजयवाड्याला) काँग्रेस समितीची बैठक होती. तिथे पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना तांबड्या-हिरव्या रंगाच्या झेंड्याचा नमुना दाखवला. तेव्हा त्या रंगांचा अर्थ अगदी तोच होता जो माझ्या विद्यार्थ्यानं लावला: तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा. मग बाकीच्यांचं काय? म्हणून गांधीजींनी पांढरा पट्टा घालायला सांगितला, तोही सगळ्यात वर. मध्ये हिरवा, खाली तांबडा. संख्येनं जो लहान त्याला वरची जागा. चरख्याची सूचना जालंदरच्या लाला हंसराजांची.

पुढची दहा वर्षं हाच झेंडा लोकांच्या हातात होता. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात सिव्हिल लाइन्सकडे झेंडा नेण्याच्या हक्कासाठी जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाईंनी सूत्रं हाती घेतली. १९३० मध्ये सोलापूरच्या नगरपालिकेनं तो आपल्या इमारतीवर चढवला. त्याच सोलापुरात पुढे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन येरवड्याला फासावर गेले. ही चार नावं एका दमात म्हणून पाहा, आणि मग सांगा कोणता रंग कुणाचा.

पण तक्रार होतीच. शिखांचं म्हणणं, रंग धर्मांचे असतील तर आमचाही घाला. त्यावर १९३१ मध्ये सात जणांची समिती नेमली: वल्लभभाई, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, डॉ. ना. सु. हर्डीकर आणि आपल्या साताऱ्याचे काका कालेलकर. या समितीनं काय सुचवलं हे मी सांगतो तेव्हा पुष्कळांना खरं वाटत नाही. त्यांनी सुचवला संपूर्ण केशरी झेंडा, कोपऱ्यात चरखा. आझादही या समितीत आणि तारासिंगही! भांडण मिटवायचं तर सगळ्यांना एकाच रंगात आणावं, असा त्यांचा हिशेब. ऑगस्टमध्ये मुंबईला काँग्रेस समितीनं तो अहवाल नाकारला. तीन रंग ठेवले, तांबड्याचा केशरी केला, तो वर घेतला आणि ठरावातच लिहून टाकलं की या रंगांना जातीय अर्थ नाही. केशरी धैर्याचा आणि त्यागाचा, पांढरा सत्याचा आणि शांतीचा, हिरवा श्रद्धेचा आणि शौर्याचा.

म्हणजे समृद्धी तेव्हा नव्हतीच. हिरव्याचं नातं जमिनीशी आणि झाडाझुडपांशी जोडलं ते राधाकृष्णन यांनी, १९४७ मध्ये घटना समितीतल्या भाषणात. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात हे सगळं एकत्र कालवलेलं असतं आणि आम्ही ते 'पहिल्यापासून असंच' म्हणून शिकवतो.

त्याहीआधीचे झेंडे तर आणखी वेगळे. मादाम कामांनी १९०७ मध्ये स्टुटगार्टला फडकवलेला झेंडा पुण्यात केसरीवाड्यात जपलेला आहे. त्यात हिरवा वर आहे, कमळं आहेत, मधल्या पट्ट्यावर 'वंदे मातरम्' आहे, खाली सूर्य आणि चंद्रकोर. होमरूलच्या काळातला लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांचा झेंडा पाच तांबड्या आणि चार हिरव्या पट्ट्यांचा, सप्तर्षींचा, आणि वरच्या कोपऱ्यात चक्क युनियन जॅक! आज तो कुणी गच्चीवर लावला तर लोकमान्यांचा आहे म्हणून कोणी ऐकून घेणार नाही.

तर महोदय, अर्थ बदलत आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रत्येक वेळी माणसं बसली, भांडली, ठराव झाला. पण १९२१ पासून एक गोष्ट हलली नव्हती, ती म्हणजे सूत.

२२ जुलै १९४७ ला नेहरूंनी घटना समितीत ठराव मांडला तेव्हा दोन झेंडे दाखवले, एक रेशमी खादीचा आणि एक सुती खादीचा. चरख्याऐवजी सारनाथचं चक्र आलं. कारण साधं होतं: चरख्याला एकीकडे चाक आणि दुसरीकडे चाती, त्यामुळे कापड उलटं झालं की चित्रही उलटं दिसायचं. चक्राला उलटी-सुलटी बाजू नाही. चित्रकलेचा मास्तर म्हणून मला हे कारण शंभर टक्के पटतं. पण ठरावाची भाषा बघा. हे चक्र चरख्याचं प्रतीक आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. चित्रातून गेलेला चरखा कापडात राहिला. झेंडा हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या खादीचाच, हा नियम त्यासाठी होता. भारतीय मानक संस्थेचं मानक क्रमांक १ कशाचं होतं? पोलादाचं नाही, सिमेंटचं नाही. राष्ट्रध्वजाचं, १९५१ सालचं.

आणि ३० डिसेंबर २०२१ ला आपल्या मंत्रालयाच्या एका आदेशानं ही अट गेली. आता यंत्रावर विणलेलं कापड चालतं, पॉलिएस्टरही चालतं. घटना समितीत जे उभं राहून मांडलं गेलं, ते बदलताना संसदेत चर्चासुद्धा झाली नाही.

दुसरी बाजू मलाही दिसते. २००२ पूर्वी सामान्य माणसाला ठरावीक दिवस सोडले तर घरावर झेंडा लावता येत नव्हता. उद्योगपती नवीन जिंदल त्यासाठी कोर्टात गेले, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झेंडा फडकवणं हा अभिव्यक्तीचा हक्क मानला. चांगलं झालं. 'घरोघरी तिरंगा' म्हणायचं तर तेवढी खादी आणायची कुठून, हाही प्रश्न खोटा नाही. आणि ऑगस्टातल्या झडीत खादीचा झेंडा भिजला की काठीला असा चिकटतो की राष्ट्रगीत संपलं तरी उलगडत नाही. पॉलिएस्टरचा मात्र जरा वाऱ्यावर फडफडतो. माझ्या शेजारणीनं दारात पॉलिएस्टरचा लावला तर तिच्या देशप्रेमावर मी बोट ठेवणार नाही.

माझं मागणं सरकारपुरतं आहे. मंत्रालय, कोर्ट, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, शाळा, जिथे जिथे झेंडा सरकारच्या काठीवर चढतो तिथे तो खादीचाच असावा. तेवढी एक ओळ संहितेत परत घाला. नागरिकाला मोकळीक, सरकारला बंधन. एरवी आपल्याकडे नेमकं उलटं असतं, म्हणून सांगतो.

यात माझा थोडा स्वार्थ आहे, तोही कबूल करतो. झेंड्याची खादी आमच्या उदगीरला विणली जाते, प्रक्रियेसाठी अहमदाबादला जाते आणि नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिचा झेंडा होतो. देशात असे झेंडे करणारी ठिकाणं मोजकीच. दुसरं मोठं हुबळीजवळ बेंगेरीला. १५ ऑगस्ट १९४७ ला आमच्या मुलखात तिरंगा चढवणं गुन्हा होता. निजामानं त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थांना पकडलं. आम्हाला झेंडा मिळायला सप्टेंबर १९४८ उजाडला. ज्या मातीत झेंडा लावला की बेड्या पडायच्या, तिथल्या बायकांच्या हातचं सूत पुढे दूरदूरच्या काठ्यांवर चढलं. माझी आई त्यांतली एक. कातलेल्या गुंड्या केंद्रावर घालायला जाताना ती चप्पल काढून हातात घ्यायची. कारण विचारलं तर म्हणायची, "झेंड्याचं हाय रं ते."

आता एक छोटी अडचण विचारतो, कारण ती आपल्याच संहितेतून निघाली आहे. फाटलेला झेंडा एकांतात, पूर्णपणे, शक्यतो जाळून किंवा सन्मान राखणाऱ्या दुसऱ्या रीतीने नष्ट करावा, असं तिच्यात लिहिलं आहे. शाळेतले जुने खादीचे झेंडे मी असेच जाळले आहेत. मूठभर राख व्हायची, ती आम्ही आंब्याच्या बुंध्याशी घालायचो. गेल्या वर्षी सोळा ऑगस्टला सकाळी फिरायला गेलो तेव्हा नाल्याच्या कठड्यावर एक पॉलिएस्टरचा झेंडा सापडला, काठीसकट. धुतला, वाळवला, उभा चिरलेला होता म्हणून परसात नेऊन नियमाप्रमाणे जाळायला घेतला. तो जळाला नाही. आक्रसला, वितळला, थेंब थेंब गळाला, नाकाला झोंबणारा वास सुटला, आणि खाली उरला एक काळा टणक गोळा. तिन्ही रंगांचा मिळून एकच.

तो गोळा कागदात गुंडाळून मी कपाटात ठेवला आहे. कचऱ्याच्या गाडीत टाकवत नाही. त्याचं काय करायचं ते आपल्या मंत्रालयानं कृपया कळवावं.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
ता. उदगीर, जि. लातूर