कब्रस्तानची बाहेरची भिंत बांधाची आहे, मधली नाही

सगळ्यांना जय येशू, अन् बाकी गावकऱ्यांना रामराम, जय भीम.

यंदाच्या पावसात आपल्या कब्रस्तानच्या दोन्ही भिंती पडल्या हे तं सगळ्यांना माहीतच आहे. एक बाहेरची, नाल्याकडली, तिथून आता रानडुकरं घुसतात अन् नवीन माती उकरतात, मागच्या महिन्यात एका घरच्यांना दुसऱ्यांदा माती सारखी करावी लागली, ते पाहून कोणालाही कसंतरीच होईल. दुसरी मधली. अलीकडे कॅथलिक म्हणजे पोपला मानणारे ख्रिस्ती, पलीकडे लुथरन म्हणजे मार्टिन लुथरच्या शिकवणीवर चालणारे ख्रिस्ती, ही कोणी बांधली ते आता कोणालाच नीट सांगता येत नाही. आपले लुथरन बहुतेक सौंसर-छिंदवाड्याकडून आलेले, तिथली मिशन स्वीडनवाल्यांची, अन् नागपूरची कॅथलिक मिशन फ्रान्सवाल्यांची, तं भांडण युरोपातलं अन् भिंत आपल्या गावात, असं झालं होतं बाप्पा.

कमिटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की मधली भिंत बांधाची नाही. तिच्या ज्या विटा साबूत निघतील त्या बाहेरच्या भिंतीत लावाच्या. दोघा-तिघांनी विचारलं, काऊन, आपल्या बापजाद्यांची हद्द कशी मोडता? त्यांच्यासाठी सांगतो. मार्टिन लुथर स्वतः कॅथलिक मठातला संन्यासी होता, त्यानं 1517 मध्ये 31 ऑक्टोबरला चर्चच्या कारभारावर बोट ठेवणारे ते 95 मुद्दे मांडले तेव्हा त्याला वेगळं चर्च काढाचं नव्हतं, चर्च सुधरवाचं होतं. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो हा मोठा वाद, त्यावर 1999 मध्ये जर्मनीत ऑग्सबर्गला कॅथलिक अन् लुथरन दोघांनी एकत्र सही केली की हे देवाच्या कृपेनं होते, आपल्या कमाईनं नाही. अन् 2016 च्या 31 ऑक्टोबरला पोप फ्रान्सिस स्वतः स्वीडनला लुंडच्या कॅथेड्रलमध्ये गेले, लुथरन जागतिक संघाचे अध्यक्ष बिशप मुनीब युनान यांच्यासोबत उभं राहून प्रार्थना केली. त्याच दिवशी बाजूच्या माल्मो शहरात कॅरितास या कॅथलिकांच्या सेवासंस्थेनं अन् लुथरनवाल्यांच्या सेवासंस्थेनं निर्वासितांसाठी, गरिबांसाठी सोबत काम कराचं म्हणून कागदावर सह्या केल्या. म्हणजे पोपला जमलं अन् आपल्याला जमत नाही का?

सगळं मिटलं असं नाही. प्रभुभोज, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर अन् द्राक्षरस घेण्याचा विधी, अजून एका मेजावर होत नाही. माती देताना प्रभूची प्रार्थना म्हणतो तेव्हा कॅथलिक 'वाइटापासून सोडव' म्हणून थांबतात अन् लुथरन 'कारण की राज्य, सामर्थ्य...' पुढे चालूच, मग इकडचे पोट्टे एकमेकांकडे पाहतात. मेलेल्यांसाठी प्रार्थना कराची की नाही यावरही मतभेद आहेत. गवत उपटाले कोणाचाच मतभेद नाही.

तं मुद्द्याचं. लुथरन लोकांचा रिफॉर्मेशन डे, म्हणजे त्या 95 मुद्द्यांच्या आठवणीचा दिवस, 31 ऑक्टोबर अन् कॅथलिकांचा मृतांचा दिवस 2 नोव्हेंबर, त्याच्या आत नाल्याकडली भिंत उभी झाली पाहिजे. मिस्त्रीनं सगळं मिळून एक लाख चाळीस हजार सांगितले आहेत, मजुरी धरून. रोख जमत नसेल तं सिमेंटची एक बोरी द्या, रेतीची एखादी खेप टाकून द्या, ट्रॅक्टर एक दिवस द्या. संत्र्याचे पैसे अजून हातात आले नाहीत हे आम्हालाही माहीत आहे, आमचेही आले नाहीत, म्हणून नंतर देतो म्हणून नाव लिहिलं तरी चालते. जे नागपूर-पुण्याला नोकरीवर आहेत अन् ज्यांचे आईबाप इथं झोपले आहेत त्यांनी थोडा हात मोकळा करावा, हे जरा हक्कानं सांगतो.

पावतीबुक दोन आहेत, एक फादरजवळ, एक पास्टर साहेबांजवळ. कोणत्याही बुकात पावती फाडा, पैसे एकाच खात्यात जातात अन् हिशोब दोन्ही चर्चच्या दारावर लावू. पावती घेतल्याशिवाय कोणालाच पैसे देऊ नका.

येत्या रविवारी मिस्सा अन् उपासना झाल्यावर अकरा वाजता मधल्या भिंतीच्या विटा निवडाच्या आहेत. टोपले-फावडे घरून आणा, कमिटीजवळ दोनच आहेत. चहा आहे, जेवण ज्याचं त्यानं आणावं, अन् लहान पोरांना आणू नका, मलब्यात विंचू निघून राहिले.