पोरं एकमेकांचं बघून फॅन बंद करतात

प्रिय पात्रांव,

व्हॉट्सॲपवर लांब लिहिलं की तू वाचत नाहीस, म्हणून पत्रच. हॉस्टेलच्या वीज वाचवा प्रकरणाचं विचारलंस ना, तर ते 'स्विच ऑफ करा'चे बोर्ड आहेत तिथेच आहेत, कुणी ढुंकून बघत नाही. फरक पडला तो आमच्या मजल्यावरच्या एका सिनियरमुळे. तो बोलत काहीच नाही रे, मेसला निघताना फॅन-लाईट बंद करतो, बस्स. मग त्याचा रूममेट करायला लागला, मग समोरची रूम, आणि आता कुणी फॅन तसाच टाकून निघाला तर पोरंच ओरडतात, "बापाची वीज काय रे?"

पण विचार कुणालाही, म्हणेल पर्यावरणासाठी करतो. दुसऱ्याचं बघून केलं हे कोण कबूल करतोय! कॅलिफोर्नियात नोलन, शुल्ट्झ वगैरे संशोधकांना हेच दिसलं होतं, 2008 चा पेपर आहे. लोक म्हणाले शेजाऱ्यांचं बघून आम्ही वीज वाचवत नाही, आणि परिणाम सगळ्यात जास्त त्याचाच निघाला. त्याआधी 2007 चा त्यांचा प्रयोग तर अजून भारी, तिथल्याच सॅन मार्कोस गावातल्या घरांना कळवलं की तुमच्या एरियात सरासरी एवढी वीज लागते. जास्त वापरणारे खाली आले पण कमी वापरणारे वर गेले! पण कमी वापरणाऱ्या ज्या घरांच्या कागदावर सोबत नुसता एक हसरा चेहरा काढला होता, ती वर गेली नाहीत. आमच्याकडे कुणीतरी रूमवाइज वीजवापराचा तक्ता लावूया म्हणतोय, त्याला हेच सांगितलं मी, शिवाय सगळ्या बिल्डिंगला मीटर एकच, रूमचा आकडा आणणार कुठून?

खरी गोची गीझरची. 2000 वॅटचा गीझर अर्धा तास तापला की एक युनिट गेलं, तेवढ्या विजेत 75 वॅटचा फॅन तेरा तास फिरतो. पण फॅन दारातून दिसतो, गीझर कोण चालू ठेवून गेला ते कळतच नाही, मग ओरडणार कुणावर? आणि पावसात तर उलटंच, जून लागला की रूमभर दोऱ्या आणि ओल्या जीन्सवर दिवसभर फॅन. त्याला कुणी काही बोलत नाही कारण सगळेच करतात, तो सिनियरसुद्धा! म्हणजे बघून बंद करणारे आम्हीच आणि बघून चालू ठेवणारेही आम्हीच. मला वाटतं तळमजल्यावरची रिकामी खोली कपडे वाळवायला मागावी, एकच फॅन लागेल, वॉर्डनकडे जायला मात्र कुणी तयार नाही.

तुमच्या पुण्याच्या हॉस्टेलात काय करता? चवथीला येशील तेव्हा बोलू, आणि या खेपेला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला वेळेवर ये.

तुझाच,
बाबलो