काका, बाबांच्या होडीचा निळा रंग परत मिळवून दिलात, खूप खूप थँक्यू

काका, तुम्ही मोबाईलवर वाचत बसणार नाही माहितीये, पण वहिनी वाचून दाखवतील म्हणून लिहितोय, तोंडावर बोलायला गेलो असतो तर तुम्ही विषयच बदलला असता.

बाबांची फायबरची होडी चार वर्षं माडाखाली पालथी पडलेली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते समुद्रात गेलेच नाहीत आणि मी पुण्याला. मे मध्ये घरी आलो, होडीवर हात फिरवला तर तळहाताला खडूसारखी पांढरी पूड, निळा रंग कुठे दिसेचना. एका पेंटरला विचारलं तर म्हणाला ऑइलपेंटचे दोन हात मारा, नवी होईल. मी डबा पण आणून ठेवला होता.

तुम्ही गडग्यापलीकडून बघत होतात. आलात, बोट पाण्यात बुडवून एका जागी चोळलंत आणि रुपयाएवढा गोल एकदम निळाशार दिसला. "रंग मरूक नाय रे, खाली आसा." हे वाक्य मी विसरणार नाही.

मग तुम्ही समजावलंत की फायबरवरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर, रंग त्यातच मिसळलेला असतो, उन्हाने फक्त वरचा पापुद्रा भुकटी होतो आणि त्या भुकटीवर पेंट मारला तर एका पावसाळ्यात पोपडे निघतात. डबा परत केला.

पहिला अख्खा दिवस तुम्ही पॉलिश पेपरला हातच लावू दिला नाहीत. विहिरीच्या गोड्या पाण्याने दोनदा धुतली, कारण मिठाचा एक कण जरी राहिला तरी फडक्याखाली तोच ओरखडे काढतो, मग थिनरच्या फडक्याने जुनं मेण पुसलं. त्यानंतर वॉटर पेपर, आधी 800, मग 1000, मग 1500, दरवेळी अजून बारीक, सगळं पाण्यातच, आणि मी मधला नंबर गाळायला बघितला तेव्हा तुम्ही ओरडलात ते बरंच केलंत, कारण 800 च्या रेघा नंतर कंपाउंडने, म्हणजे चमक आणायच्या पेस्टने, जात नाहीत हे तुम्ही मला एका कोपऱ्यात करूनच दाखवलंत. बफिंग मशीन फक्त सकाळी नऊपर्यंत, ऊन चढलं की कंपाउंड तिथल्या तिथे सुकतं. आणि कडांवर मशीन नाहीच, हातानेच, कडेला थर पातळ असतो, एका क्षणात खालचं फायबर उघडं पडतं.

नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, दगडावर आपटून टवका उडाला होता, तिथे मी हार्डनर घालून जेलकोट भरला आणि रात्री दहापर्यंत तो चिकटच. मी पार घाबरलो, वाटलं सगळं वाया गेलं. फोन केला तर तुम्ही टॉर्च, सेलोटेप आणि प्लास्टिकचा तुकडा घेऊन आलात, हवा लागली की वरचा थर सुकत नाही एवढंच म्हणालात आणि झाकून निघून गेलात. सकाळी दगडासारखा टणक!

शेवटी मेणाचे दोन हात. खालच्या बाजूला शिंपले धरू नयेत म्हणून महागडा रंग घेणार होतो, तोही तुम्हीच थांबवलात, रोज वर ओढायच्या होडीला तो कशाला म्हणून. माझे तेवढे पैसे वाचले आणि तुम्ही मात्र एक रुपया घेतला नाहीत.

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घातली. बाबांना खुर्ची नेऊन किनाऱ्यावर बसवलं होतं, ते उठले, हळूहळू पाण्यापर्यंत आले, होडीवर हात फिरवला आणि तळहात वळवून बघितला. काहीच लागलं नव्हतं. काही बोलले नाहीत, परत एकदा हात फिरवला.

मेणाचा उरलेला अर्धा डबा तुमच्या पडवीत ठेवलाय. दिवाळीला येतो तेव्हा पुढचा हात मारू, फडकी मी आणतो.