पाठीचं माप सॅकलाही असतं: तुमच्या कॅमेरा सॅकबद्दल लेखी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख आणि उत्पादन विभागप्रमुख (दोघांनीही वाचावं)

विषय: ३० लिटरच्या कॅमेरा सॅकचा खांद्याचा पट्टा उसवणं, वेबसाइटवरची चुकीची माहिती आणि आज फोनवर झालेला अपमान

आज दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी तुमच्याकडे माझा पाचवा फोन झाला. सहावा करणार नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

सॅक कोणती, किंमत किती, कधी घेतली हे ऑर्डर क्रमांकावरून तुमच्यासमोर येईलच. तरी सांगते: जूनमध्ये तुमच्याच वेबसाइटवरून घेतली, १५,४९० रुपयांना. वॉरंटी २ वर्षांची. उसवली तिसऱ्या महिन्यात, चौथ्या ट्रेकला. सोबत यायचं रेनकव्हर खोक्यात नव्हतं. ते तीन आठवड्यांनी आलं, तोपर्यंत नाशिकला पाऊस सुरू झाला होता. पण तो विषय मी तेव्हाच सोडून दिला.

मी ५३ वर्षांची आहे. अकरा वर्षं सह्याद्रीतल्या फुलांचे फोटो काढते आहे. सॅक घेण्याआधी दोन महिने शोध घेतला. कॅमेऱ्याच्या बहुतेक बॅगा गाडीतून उतरून शंभर पावलं चालणाऱ्यांसाठी असतात: आत कप्पे उत्तम, बाहेर पट्टे नावापुरते. ट्रेकच्या सॅकचे पट्टे चांगले, पण त्यात कॅमेरा कपड्यांत गुंडाळून ठेवावा लागतो आणि फूल समोर असताना सगळं सामान चिखलात काढावं लागतं. तुमची सॅक पाठीच्या बाजूने उघडते. हे मला फार आवडलं होतं आणि अजूनही आवडतं. पट्टे वर ठेवून सॅक जमिनीवर आडवी केली की चिखल लागतो तो पुढच्या बाजूला, पाठीला टेकणारी बाजू कोरडी राहते आणि लेन्स लगेच हाताशी येते. ज्याने हे ठरवलं तो माणूस कधीतरी डोंगरात गेलेला असणार. मग पट्टे ठरवताना तो कुठे होता?

ऑर्डर देण्याआधी मी तुमच्या चॅटवर विचारलं होतं: "माझी पाठ ४० सेंटिमीटर आहे, हार्नेस, म्हणजे पट्ट्यांची जोडणी, तेवढी खाली येते का?" उत्तर आलं: "हो मॅडम, फुल्ली ॲडजस्टेबल आहे." स्क्रीनशॉट जोडला आहे. वेबसाइटवर आजही तेच लिहिलेलं आहे.

ते खरं नाही. तुमच्या सॅकमध्ये फक्त पट्ट्यांची लांबी कमी-जास्त होते. पट्टे पाठीला जिथे शिवले आहेत ती जागा पक्की आहे, हलत नाही. तिथपासून कमरेच्या पट्ट्याच्या मधोमध मी टेप लावून मोजलं, ४९ सेंटिमीटर भरलं. माझ्या पाठीपेक्षा ९ सेंटिमीटर जास्त. कमरेचा पट्टा हाडावर घट्ट बांधला तर खांद्याचे पट्टे खांद्यावरून दोन बोटं वर उठतात आणि सॅक मागे ओढते. पट्टे खांद्याला टेकवले तर कमरेचा पट्टा खाली घसरतो आणि पायरी चढताना मांडीला अडतो. सॅकचं बहुतेक वजन कमरेने पेलायचं असतं, खांद्यांनी फक्त ती अंगालगत धरून ठेवायची असते. माझ्या बाबतीत सगळं वजन खांद्यांवर आलं. म्हणजे सगळं वजन त्या शिलाईवर आलं.

गणपती उठल्यानंतरच्या रविवारी आम्ही चौघीजणी अंजनेरीला गेलो. त्र्यंबक रस्त्याला नाशिकपासून वीसेक किलोमीटर. घळीतल्या पायऱ्या चढून पठारावर गेलं की या दिवसांत सोनकी आणि तेरडा असतो. मला हवं होतं ते कंदीलफूल, ज्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे: सेरोपेजिया अंजनेरिका. त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं २००६ साली. एवढंसं फूल, गवतात बसल्याशिवाय दिसत नाही. त्यासाठी मॅक्रो लेन्स, कड्यावरच्या गिधाडांसाठी लांबचं टिपणारी १५०-६०० मिलिमीटरची लेन्स, ट्रायपॉड, दोन लिटर पाणी, डबा, रेनकोट. घरी येऊन सगळं वजनकाट्यावर ठेवलं, सुमारे ८ किलो भरलं. तुमच्या वेबसाइटवर क्षमता १२ किलो लिहिली आहे.

परत उतरताना, ओल्या पायऱ्यांवर, डाव्या खांद्याच्या पट्ट्याची वरची शिलाई सुटली. एकदम सुटली. कमरेचा पट्टा जागेवर असता तर सॅक तिथे टिकली असती. तो नव्हताच, त्यामुळे सगळं वजन उजवीकडे फिरलं आणि मी त्याच्यासोबत फिरले. मागच्या मैत्रिणीने दंड धरला. मी पायरीवर बसले, बराच वेळ उठले नाही. खाली किती खोल आहे ते मी मुद्दाम पाहिलं नाही. गवताचा भारा घेऊन उतरणाऱ्या एका बाईने स्वतःच्या भाऱ्याची एक दोरी सोडवून आम्हाला दिली, त्या दोरीने पट्टा बांधून आम्ही खाली आलो. ती दोरी गावापर्यंत टिकली. तुमचा टाका टिकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शालिमारजवळच्या एका बॅगा शिवणाऱ्या कारागिराला सॅक दाखवली. फक्त दाखवली, शिवून घेतली नाही. नाहीतर तुम्ही वॉरंटी नाकारायला तेच कारण द्याल. त्यांनी एका मिनिटात दाखवलं: पट्टी शिलाईत अर्धा सेंटिमीटरच धरली आहे, वरून आडवा टाका मारलेला नाही. उजव्या बाजूलाही तसंच आहे. म्हणजे ती बाजूही जाणार आहे. फोटो जोडले आहेत.

आता तुमचे फोन. पहिल्यात फोटो मागितले. दुसऱ्यात सांगितलं की फोटो मिळाले नाहीत. ते मिळाल्याची तुमचीच मेल माझ्याकडे होती. तिसऱ्यात सांगितलं की हे वापराने झालेलं नुकसान आहे, वॉरंटीत बसत नाही. चौथ्यात विचारलं, सॅकमध्ये पाण्याची बाटली होती का. होती. बाटलीसाठी तुम्हीच बाजूला कप्पा दिला आहे.

आणि आजचा पाचवा. हा मी शब्द न् शब्द लिहिते, कारण याचं तुम्हाला काहीतरी वाटलं पाहिजे.

त्यांनी विचारलं, "मॅडम, बॅग कोण वापरतं?"

"मी."

"नाही, म्हणजे फोटोग्राफी कोण करतं?"

"मीच करते."

"घरात सर असतील तर त्यांना देता का फोन? जरा टेक्निकल आहे."

मी म्हटलं, टेक्निकल आहे म्हणूनच मी बोलते आहे. आणि सगळं पुन्हा सांगितलं: पाठ ४०, तुमचं माप ४९, पट्टा हाडावर बसत नाही, म्हणून वजन शिलाईवर येतं. त्यांनी मला थांबायला सांगितलं. चार मिनिटं संगीत ऐकवलं. परत आले आणि म्हणाले:

"मॅडम, पाठीचं माप ब्लाऊजला लागतं, बॅगेला नाही."

त्यांच्या मागे कोणीतरी हसलं. मी नाव विचारलं तर म्हणाले, नाव सांगता येत नाही. मग फोन कट झाला. मी कट केला नाही.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. हसलेल्या माणसाचा राग आहेच. त्याहून जास्त राग याचा आहे की सॅक विकणाऱ्या कंपनीत, वॉरंटीच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला सॅक अंगावर कशी बसते हे माहीत नाही. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या तळाशी जो मणका वर येतो, तिथून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप धरायची. हे पाठीचं माप. ट्रेकिंग सॅकच्या दुकानात हे मोजतात. ते उंचीवर ठरत नाही. माझी मैत्रीण माझ्यापेक्षा बुटकी आहे, तिची पाठ ४४ आहे. बाईचा, पुरुषाचाही प्रश्न नाही. आखूड पाठीच्या पुरुषालाही तुमची सॅक अशीच छळेल आणि त्याला मात्र कोणी ब्लाऊजचं सांगणार नाही. चॅटवर मी हेच माप दिलं होतं. तेव्हा तुम्हाला ते कळलं होतं, कारण तेव्हा मी पैसे भरायचे होते.

मला दुःखही होतं आहे. २००९ साली घेतलेलं तुमचंच छोटं पाऊच अजून माझ्याकडे आहे. त्याचा एक टाका सुटलेला नाही, चेन अजून अडकत नाही. ते पाहूनच मी ही सॅक घेतली. आमच्या ग्रुपमधल्या दोघींना तुमचं नाव सुचवलं. दोघींना आज फोन करून सांगितलं की थांबा.

मला हवं ते असं. १५,४९० रुपये पूर्ण परत, दुरुस्ती नको, कूपन तर नकोच. सॅक माझ्या घरून तुमच्या खर्चाने न्यावी. वेबसाइटवरून "फुल्ली ॲडजस्टेबल" काढून तिथे पाठीचं माप सेंटिमीटरमध्ये लिहावं, म्हणजे आखूड पाठीची दुसरी कोणी ओल्या पायऱ्यांवर माझ्यासारखी फिरणार नाही. आणि त्या वाक्याबद्दल लेखी माफी, जबाबदार माणसाच्या सहीने.

१५ दिवस थांबेन. नंतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच तक्रार करू शकते, तुमच्या मुख्य कार्यालयाच्या गावी यायची गरज नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि स्वतःची बाजू मी स्वतः मांडू शकते. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आज संध्याकाळीच नोंद करते आहे. मी सगळे कागद तारखेनुसार लावले आहेत. शिक्षिका आहे, कागद नीट लावते.

दर वर्षी मी सप्टेंबरात अंजनेरीला दोनदा जाते. या वर्षी दुसऱ्यांदा गेले नाही. फुलं आता पुढच्या पावसाळ्यात.

तुमची ग्राहक,
गंगापूर रोड, नाशिक

सोबत: बिल, चॅटचा स्क्रीनशॉट, उसवलेल्या आणि न उसवलेल्या शिलाईचे फोटो, टेप लावून काढलेले दोन फोटो, वजनकाट्याचा फोटो.

ता. क. फोन सुरू होताना तुमचंच यंत्र सांगतं की संभाषण रेकॉर्ड होतं आहे. आजचं रेकॉर्डिंग पुसू नका. मला उत्तर लिहायच्या आधी ते दोघांनीही स्वतः ऐका, मागचं हसणं येईपर्यंत.