अण्णांची फाइल

नाशिक,
२० ऑक्टोबर

प्रिय मिलिंद,

अण्णांची फाइल सापडली रे! वर्डमध्ये अजून उघडत नाही, पण आतला मजकूर हाती लागलाय. आधी तुलाच कळवायचं होतं.

ओझरच्या मळ्यातली प्रत्येक छाटणी, प्रत्येक फवारणी अण्णा २००७ पासून जुन्या कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवायचे, तू पाहिलंयस. ते गेल्यावर फाइल उघडायला गेलो तर ती खराब झालेली. दुरुस्तीवाल्यानंही हात टेकले. मी आधी तिची एक नक्कल काढली आणि तिच्यावर स्ट्रिंग्ज कमांड चालवली. फाइल कसली आहे याच्याशी या कमांडला देणंघेणं नसतं. छापता येतील अशी सलग चार अक्षरं दिसली, की ती ओळ बाहेर काढते. हाती आला नुसता कचरा. 'ई एल' हा पर्याय जोडला, म्हणजे एकेक अक्षर दोन बाइटचं धरून शोध, तेव्हा 'मॅन्कोझेब' आलं. अण्णा औषधांची नावं इंग्रजीत लिहायचे! मराठी मात्र एक अक्षर नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

पहाटे तो पहिला कचरा पुन्हा वाचला. '& एम ० >' अशी ओळ, मध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा, आणि खाली 'एम ७'. हीच जोडी पानोपानी. मग फाइलीतले बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, बघितले: २६ ०९, ४डी ०९, ३० ०९, ३ई ०९, १५ ०९, ४डी ०९, ३७ ०९. एकाआड एक ०९! युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी ०९०० पासून सुरू होते आणि या फाइलीत क्रमांकाचा मागचा बाइट आधी येतो, म्हणजे ०९२६ हा २६ ०९ असा. तोच ०९ आस्की या जुन्या इंग्रजी संकेतात टॅब असतो, म्हणून त्या मोकळ्या जागा. २६ म्हणजे द, ४डी म्हणजे मोडलेला पाय, ३० र, ३ई काना. पुढच्या क चा १५ छापता येत नाही, म्हणून शब्द तिथेच तुटला. मिलिंद, तो शब्द 'द्राक्ष' होता.

पुढचं काम सोपं होतं. आयकॉन्व्ह या संकेत बदलणाऱ्या कमांडनं यूटीएफ-१६ चं, म्हणजे या दोन-बाइटी युनिकोडचं, आज सगळीकडे चालणारं यूटीएफ-८ केलं, तिच्याच 'सी' पर्यायानं न जुळणारे बाइट गाळले आणि देवनागरी असलेल्या ओळी तेवढ्या ग्रेप या ओळी शोधणाऱ्या कमांडनं उचलल्या. पहिलीच ओळ: "गोडी छाटणी आज उरकली. पावसाचं लक्षण आहे, डावणी रोगाकडे लक्ष ठेवणे." आईला वाचून दाखवली. ती पदर डोळ्याला लावून म्हणाली, "पुढचं वाच."

तुझ्या आबांची कीर्तनाची टिपणं श्रीलिपीत, त्या युनिकोडआधीच्या मराठी फॉन्टात, आहेत ना? तिथे ०९ सापडणार नाही. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात. स्ट्रिंग्जला मजकूर सापडेल, पण वेड्यावाकड्या इंग्रजीसारखा दिसेल आणि फॉन्टचा तक्ता लावून तो पालटावा लागेल. वेळ लागेल, पण मी बसतो. दिवाळीला येताना ती सीडी आण. कापडात गुंडाळून आण, खिशात नको.

तुझा,
प्रशांत